आंब्याचा भिरूड

मृगाचा पाऊस लागला की रात्री पडवीतल्या दिव्याभोवती किडे जमतात. त्यांत पाखरे असतात, नाकतोडे असतात. वाळवीच्या पंखांचा तर खाली सडाच पडतो. अशाच एखाद्या रात्री एक भला मोठा भुंगा भर्रकन येतो, भिंतीवर आपटतो आणि उताणा पडून पाय झाडू लागतो. मुले त्याला दोरा बांधून खेळतात. मोठी माणसे म्हणतात, "असू दे, पावसाळी किडा आहे तो."

पुढे दिवाळी होऊन जाते. थंडी पडू लागते. कोकणातला बागवाला कलमांना मोहोर कधी येतो याची वाट पाहत असतो. तेवढ्यात एका चांगल्या कलमाची एक बाजू सुकू लागते. पाने पिवळी पडतात, मग करपतात, आणि गळूनही पडत नाहीत. फांदी तोडून फोडली तर आत बोटाएवढी जाड, पांढरी अळी निघते. तिला आपल्याकडे भिरूड म्हणतात. मग बागवाला कपाळाला हात लावतो.

आता आम्ही सांगतो ते नीट ध्यानात घ्या. तो दिव्यावर आलेला भुंगा आणि ही झाडातली अळी, ही दोन वेगळी जनावरे नव्हेत. एकाच प्राण्याची ती दोन वये आहेत. अळी हे त्याचे बालपण, आणि भुंगा हे त्याचे तरुणपण. जूनमध्ये ज्याला "असू दे" म्हणून सोडून दिले, त्याचीच पोरे मार्गशीर्षात कलम खातात.

आधी भुंग्याची ओळख करून घेऊ. एखादा सापडला तर बाटलीत घालून दिवसा उजेडी पाहा. लांबीला तो साडेतीन ते पाच सेंटिमीटर भरतो. म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा म्हणा ना. रंग राखाडी, तपकिरी. अंगावर मऊ, बारीक लव असते, तिच्यामुळे तो धुळीने माखल्यासारखा दिसतो. सुकलेल्या सालीवर बसला तर चटकन नजरेस येत नाही. डोक्याच्या मागे मानेसारखा जो भाग आहे, त्यावर दोन तांबूस-नारिंगी ठिपके असतात. ही त्याची मुख्य खूण. त्या भागाला दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, धरताना तो बोटाला टोचतो. पाठीवरच्या पंखांवर पिवळसर ठिपके असतात, आणि पंखांच्या मुळाशी, खांद्याजवळ म्हणू, बारीक काळे दाणे उठलेले असतात.

पण सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात त्या त्याच्या मिशा. मिशा कसल्या, शिंगेच ती! नराच्या मिशा त्याच्या अंगाहूनही लांब असतात. मादीच्या थोड्या आखूड. या मिशांनी तो वास घेतो, चाचपतो. अंधारात फिरणाऱ्याला डोळ्यांपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त. डोळेही गमतीचे आहेत. ते गोल नसून काजूच्या बीसारखे वाकडे आहेत, आणि मिशीच्या मुळाला वेढा घालून बसलेले आहेत. अशा लांब मिशांच्या भुंग्यांचे कुळ फार मोठे आहे. जगात त्यांच्या तीस हजारांहून अधिक जाती मोजलेल्या आहेत. आपल्या भिरुडाला शास्त्रात बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा असे नाव आहे. १७७५ साली स्वीडन देशातील डी गेर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन लिहून ठेवले. नाव उच्चारताना जीभ अडखळेल, पण त्यातल्या रुफोमॅक्युलाटा या शब्दाचा अर्थ साधा आहे: तांबड्या ठिपक्यांचा. म्हणजे आपण जी खूण पाहिली तीच त्या माणसानेही पाहिली होती.

भुंगा हातात धरला तर तो कर्र कर्र असा आवाज करतो. हा आवाज तोंडातून येत नाही. मान वरखाली करून तो मागच्या भागावर घासतो, त्यातून आवाज निघतो. पोरे भितात, पण त्यात विष वगैरे काही नाही. जबडा मात्र बळकट असतो. बोट त्यापुढे धरू नका.

आता त्याचा जन्म पाहू.

पावसाळ्याच्या तोंडाशी भुंगे झाडातून बाहेर पडतात. दिवसा दडून बसतात, रात्री उडतात. कोवळ्या डहाळ्यांची साल कुरतडून खातात. त्याने झाडाचे थोडेफार नुकसान होते, पण खरे नुकसान ते नव्हे. नरमादीची गाठ पडली की मादी अंडी घालायला जागा शोधते. खोडावर किंवा जाड फांदीवर ती जबड्याने सालीला चीर पाडते आणि त्या चिरेत एकच अंडे ठेवते. मग दुसरी चीर, दुसरे अंडे. साल आधीच फुटलेली असेल, कोयतीचा घाव असेल, उन्हाने साल भाजलेली असेल, तर तिचे काम सोपे होते. एक मादी दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. सगळी एकाच झाडावर घालील असे नव्हे. पण एवढ्यांतली दहा जरी जगली तरी बागेला ती पुरेशी आहेत.

आठ-पंधरा दिवसांत अंडे फुटते. आतून तांदळाच्या कणीसारखी अळी निघते. तिला पाय नसतात. पायांची तिला गरजच नाही, कारण तिला कोठे जायचे नाही. ती जेथे जन्मली तेथेच तिचे घर आणि तेथेच तिचे जेवण. अंगावर आडव्या वळ्या असतात. त्या वळ्या बोगद्याच्या भिंतीला टेकवीत ती पुढे सरकते. डोके काळपट आणि जबडा कात्रीसारखा. आधी सालीखालचा ओला भाग खाते, मग लाकडात शिरते. पूर्ण वाढली म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर लांब होते.

कोणी विचारील, लाकूड खाऊन जीव जगतो कसा? आपण लाकूड चावले तर दात तुटतील, आणि गिळले तर पचणार नाही. या अळीच्या पोटात लाकूड पचविणारे पाचक रस असतात. शिवाय डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तिच्या आतड्यात राहतात आणि तिला मदत करतात. तरीसुद्धा लाकडात कस कमी. भाकरीऐवजी कोंडा खाऊन राहावे तसे ते आहे. म्हणून तिला रात्रंदिवस खावे लागते, आणि वाढायला सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. हीच खरी गोम आहे. भुंगा थोडे महिने जगतो आणि आपल्या नजरेस पडतो. अळी वर्षातला बराच काळ झाडाच्या पोटात असते आणि नजरेस पडत नाही.

वाढ पुरी झाली की अळी लाकडात एक खोली कोरते आणि स्वस्थ पडते. तिचा कोष होतो. कोषात तिचे सारे अंग बदलते. पाय फुटतात, पंख फुटतात. त्या लांब मिशा अंगाशी घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळलेल्या असतात. तीन-चार आठवड्यांत कोषाचा भुंगा होतो. पाऊस लागेपर्यंत तो आत थांबतो, मग बोट जाईल एवढे गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे साधारण वर्षाला एक पिढी.

आता, एका अळीने एवढे मोठे झाड का सुकावे? झाडाला दोन वाटा असतात. मुळांनी शोषलेले पाणी सालीखालच्या पांढऱ्या, ओल्या लाकडातून वर चढते. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या बाजूने खाली मुळांकडे येते. झाडाचा मधला गाभा नुसता आधार देतो. म्हणून तर पोकळ ढोलीचे झाडही पुष्कळ वर्षे हिरवे राहते. भिरूड गाभाच खात असता तर आम्ही एवढे पान खर्ची घातले नसते. तो खातो त्या दोन वाटा. घाटातला रस्ता दरड कोसळून बंद झाला म्हणजे गावात मीठही येत नाही, तसे त्या फांदीचे होते. फांदीत अळी असेल तर फांदी जाते. खोडात चार-पाच अळ्या असतील आणि त्यांचे बोगदे एकमेकांना मिळून खोडाला वेढा पडला, तर सगळे झाड जाते. आजोबांनी लावलेले, नातवाने खाल्लेले झाड दोन हंगामांत सरपण होते.

अशा सुकण्यातून माणसामाणसांत काय होते, हेही सांगतो. आम्ही नोकरीत असताना एका गावी दोन भावांच्या वाटण्या झाल्या. बांधावरचे एक जुने हापूसचे कलम थोरल्याच्या वाट्याला गेले. धाकट्याला ते लागले. पुढच्याच वर्षी त्या कलमाची अर्धी बाजू वाळली. थोरल्याने खोड पाहिले तर कमरेच्या उंचीवर चार भोके! आपल्याकडे समज आहे की झाडाला भोक पाडून आत हिंग भरला की झाड मरते. थोरला म्हणाला, "धाकट्यानं गिरमिट लावून हिंग भरला. दुसरं कोण येणार इथं?" झाले. बोलणे बंद, येणेजाणे बंद. बायका एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. प्रकरण चावडीवर गेले.

शेवटी झाड तोडायचे ठरले आणि सुतार आला. त्याने आधी भोकात एक काडी घातली. काडी दोन बोटे आत गेली आणि अडली. तो म्हणाला, "गिरमिटाचं भोक सरळ जातं. हे आत जाऊन वर वळलंय. गिरमिट असं वळत नाही." मग खोड चिरले. आत बोगदेच बोगदे, आणि त्यांत तीन जिवंत अळ्या. चार माणसांसमक्ष त्या बाहेर काढून फळीवर ठेवल्या. भावांचे भांडण त्या दिवशी मिटले असे नाही. वाटणीच्या वेळचे आणखी पुष्कळ मनात होते. पण हिंगाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

तेव्हा झाड वाळले की आधी भोक पाहावे. वाळवी आणि भिरूड यांतही लोक गल्लत करतात. वाळवी झाडावर मातीची नळी बांधीत चढते. माती झाडली की खाली ती दिसते. भिरुडाच्या भोकातून माती येत नाही, भुसा येतो. करवतीखाली पडतो तसा जाडसर, आणि त्यात अळीची विष्ठा मिसळलेली. कधी भोकातून चिकट रस गळून खोडावर काळा ओघळ उठतो. नारळाचा गेंड्या भुंगाही वेगळा. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात निरुपद्रवी वाढते, आणि माड पोखरतो तो मोठा भुंगा. भिरुडाचे नेमके उलटे आहे. काजूला जो रोठा लागतो, तो मात्र भिरुडाचा भाऊबंद. त्याचा भुंगा तांबूस असतो आणि त्याची अळी बुंध्याशी आणि मुळांत शिरते. भिरूड एकट्या आंब्यावर थांबत नाही. फणस, अंजीर, सावर ही झाडेही त्याला चालतात. तिकडे इस्रायल देशात तर त्याने अंजिराच्या बागा सतावल्या आहेत.

आता उपाय. पहिला उपाय पैशांचा नाही, नजरेचा आहे. पाऊस ओसरला की, गवत काढण्याच्या सुमारास, प्रत्येक कलमाभोवती एक फेरी घाला. वर फांद्यांकडे पाहू नका, खाली बुंध्याकडे आणि फांद्यांच्या बेचक्यांत पाहा. पान करपण्याच्या पुष्कळ आधी भुसा पडू लागतो. जो पानांची वाट पाहतो तो उशिरा पोहोचतो. मग महिन्यातून एकदा अशी फेरी घालीत जा.

भोक दिसले की ते कसले आहे ते ओळखा. भुसा ताजा, ओलसर असेल तर अळी आत आहे. भोक मोठे, गोल, कोरडे असेल आणि खाली भुसा नसेल, तर तेथून भुंगा कधीच उडून गेला. त्यात औषध ओतणे म्हणजे रिकाम्या घराला कुलूप लावणे. दुकानदाराचा फायदा, दुसऱ्या कोणाचा नाही.

ताज्या भोकाभोवतीचा भुसा खरवडून काढा. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्या, तिचे टोक गळासारखे वाकवा आणि हलक्या हाताने बोगद्यात सारा. तार वळते, म्हणून ती बोगद्याबरोबर जाते. अळी लागली की हाताला मऊ कळते. ओढून बाहेर काढा आणि मारा. काही वेळा अळी तुटून निघते, तरी चालेल. तार पोहोचली नाही, तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये भिजवून आत सारा आणि भोक ओल्या चिकणमातीने घट्ट बंद करा. आतल्या वाफेने अळी गुदमरते. हे करताना तोंडात विडी नको, आणि जवळ चूल किंवा दिवा नको. एवढे सांगूनही कोणी तरी विडी ओढतोच, म्हणून दोनदा सांगतो: विडी नको.

फांदी अगदीच पोखरली असेल तर लोभ सोडा. चांगल्या लाकडापर्यंत तोडा. तोडलेली फांदी बागेत तशीच टाकू नका, कारण आतली अळी त्यातच कोष करते आणि पावसात भुंगा होऊन निघते. ती चिरा, अळ्या मारा, लाकूड लगेच जाळा. झाडावरच्या घावाला बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, एवढेच त्याला लागते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडाची बादली वापरू नये, मोरचूद तिला खातो. प्लॅस्टिकची बादली किंवा मातीचे भांडे चांगले. मलमाने बुरशी लागत नाही आणि घाव उघडा राहत नाही.

झाडावर उगाच घाव घालू नये, हेही यातच आले. कोयतीला धार आहे का ते पाहायला कलमाचे खोड नसते. बांडगूळ वाढले असेल तर वेळीच काढा, कारण त्याने झाड अशक्त होते आणि अशक्त झाडावर भिरूड लवकर येतो. सुतार पक्षी खोडावर टकटक करताना दिसला तर त्याला दगड मारू नका. तो झाड बिघडवीत नसतो, आतली अळी शोधीत असतो.

जून-जुलैत भुंगे दिव्यावर येतात, तेव्हा त्यांनाही सोडू नये. बागेत दिवा लावून खाली पाण्याचे पातेले ठेवावे आणि पाण्यात थोडे रॉकेल टाकावे. भुंगे त्यात पडतात. अंडी घालण्याआधी एक मादी मेली तर आपले केवढे काम वाचले, ते तुम्हीच मोजा.

औषधांबद्दल एक गोष्ट सांगणे जरूर आहे. जुन्या माहितीपत्रकांत भोकात डायक्लोरव्हॉस घालावे असे छापलेले सापडेल. बहुतेकांना ते नुवान या नावाने माहीत आहे. ते माणसालाही फार विषारी आहे, आणि २०२० सालच्या अखेरीपासून सरकारने त्यावर बंदी घातलेली आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. बाटलीवरचे नाव आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा दुकानदार देईल ते न घेता नाव वाचून घ्या. सध्या कोणते औषध चालते ते कृषी खात्याच्या माणसाला विचारा. नाही तर दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालापासून आहे, तेथे पत्र टाका. पत्रात झाडाचे वय, भोके किती, कोणत्या उंचीवर, भुसा ओला की कोरडा, हे सगळे लिहा. नुसते "झाड सुकते" एवढे लिहिले तर ते तरी काय उत्तर देतील?

बोळा घालून भोक लिंपले की शेजारीच खोडावर चुन्याने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या झाडापाशी जा. लिंपलेली माती जशीच्या तशी असेल आणि खाली भुसा नसेल, तर अळी मेली. माती फोडून ताजा भुसा बाहेर आला असेल, तर ती जिवंत आहे. पुन्हा तार घाला, पुन्हा लिंपा, आणि पहिल्या तारखेखाली दुसरी तारीख लिहा.